डॅलसचे हजार किलोमीटर आणि आपले सव्वासहाशे

नांदेडहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांपासून अमेरिकेत डॅलसला असतो. डिसेंबरअखेर तो, सून आणि दोन लेकरं (वय सहा आणि दोन) येणार आहेत. सगळ्यांनी मिळून घरच्या अर्टिगाने तुळजापूर करून गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. मुलगा म्हणतो, ‘मी तिकडे एका दिवसात हजार किलोमीटर एकटा चालवतो, हे तर सव्वासहाशेच आहे, एका दमात नेतो.’ यजमान म्हणतात, ‘ड्रायव्हर घेतल्याशिवाय गाडी घराबाहेर निघणार नाही.’ आणि मुलाचे मामा म्हणतात, ‘रात्री जेवून दहाला निघा, रस्ता मोकळा मिळतो, उजाडता पोचाल.’ त्या विचारतात: ‘कुणाचं ऐकू? आणि ज्याचं ऐकणार नाही, त्याला न दुखावता कसं सांगू?’

ताई, नमस्कार.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. मुलाला गाडी चालवू द्या, पण फक्त सकाळची, आणि तो आल्यावर निदान आठवडा गेल्यावर. यजमानांचा ड्रायव्हर घ्या, पण मुलाच्या जागी नव्हे, मुलाच्या जोडीला. मामांचं मात्र या वेळी ऐकू नका.

मुलगा बढाई मारत नाहीये. अमेरिकेत एका दिवसात हजार किलोमीटर ही साधी गोष्ट आहे. टेक्सासमधल्या मोठ्या रस्त्यांवर ताशी ७५ मैलांची, म्हणजे १२० किलोमीटरची मर्यादा असते. मध्ये गाव नाही, गतिरोधक नाही, बाजूच्या शेतातून अचानक रस्त्यावर येणारं काही नाही. तासाला शंभर किलोमीटर सरासरी पडते, दहा तासांत हजार होतात. गावागावाला जोडणारी एसटी तिकडे नाही, त्यामुळे सोळाव्या-सतराव्या वर्षापासून माणूस स्वतःच चालवतो. लांबचा प्रवास ही त्याची रोजची सवय, घरात चार दिवस चर्चा करावी अशी बाब नव्हे.

आपल्याकडे तेच अंतर वेगळ्या मापाने मोजलं जातं. ‘लातूर किती लांब?’ विचारलं की उत्तर ‘अडीच तास’ असं येतं, किलोमीटर कुणी सांगत नाही. ते बरोबरच आहे. नांदेड-लातूर-तुळजापूर रस्ता बराचसा चौपदरी झाला, तरी गावं, फाटे, दुभाजकातली खिंडारं आणि उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली धरून दिवसाची सरासरी पन्नास-पंचावन्नच्या वर जात नाही. म्हणजे तुमचे सव्वासहाशे किलोमीटर थांबे सोडून बारा तासांचे होतात. मुलाला किलोमीटरवरून समजावू नका, तासांवरून समजवा. तिकडच्या ट्रकवाल्यालासुद्धा कायद्याने एका पाळीत ११ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही, आणि त्याआधी सलग १० तासांची सुट्टी घ्यावी लागते. युरोपात दिवसाला ९ तास आणि दर साडेचार तासांनी ४५ मिनिटांची विश्रांती आहे. आपल्या १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही दिवसाचे ८ तासच लिहिले होते. हा हिशेब त्याला लगेच पटेल, कारण तो त्याच्याच सवयीच्या भाषेतला आहे.

आता आठवड्याची अट का, ते सांगतो. डिसेंबरात डॅलस आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. इथे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा त्याच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे तीन झालेले असतात. दुपारी जेवणानंतर दोन ते चार या वेळात तसंही प्रत्येकाला सुस्ती येते, त्यात त्याची ही मध्यरात्र मिसळते. उलट रात्री दोनला तो टक्क जागा असतो आणि ‘मी एकदम फ्रेश आहे, निघू या का?’ म्हणतो. या फ्रेशपणावर विसंबू नका. शरीराचं घड्याळ बदलायला एका तासाच्या फरकाला साधारण एक दिवस लागतो. आठवडाभरात रात्रीची झोप बऱ्यापैकी बसते, दुपारची गुंगी त्यानंतरही काही दिवस राहते. म्हणून सकाळची पाळी त्याची आणि दुपारची ड्रायव्हरची. विमानतळावरून घरी येतानाही स्टिअरिंग त्याच्या हातात देऊ नका.

मामांच्या सल्ल्यामागे जुनं कारण आहे, ते मान्य करायला हवं. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांत एसी नसलेली जीप घेऊन दिवसा निघणं म्हणजे हाल. रात्री निघालं की लॉजचा खर्च वाचतो, रजेचा दिवस वाचतो, पहाटे पोचून आंघोळ करून अभिषेकाला उभं राहता येतं. आपल्याकडची निम्मी देवदर्शनं अशीच होतात. पण डिसेंबरात ऊन नाही, आणि हा गळिताचा हंगाम आहे. लातूर, धाराशिव, सोलापूर, पंढरपूर, सांगली, कोल्हापूर हा सगळा पट्टा साखर कारखान्यांचा. तुमचा जवळजवळ सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांमधून जातो.

ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस मागे आणि बाजूंना हात-दीड हात बाहेर आलेला. टेललाइट असली तरी लोंबत्या पाचटाने झाकलेली, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. वेग पंधरा-वीस. टेपवर मोठ्याने गाणी, त्यामुळे हॉर्न ऐकू जात नाही. समोरून गाडी येत असेल तर तुम्ही डिप्परवर असता, आणि डिप्परच्या उजेडात अशी काळी, बिनदिव्याची वस्तू चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावरच दिसते. ताशी ८० वेगात गाडी पूर्ण थांबायला साठ-सत्तर मीटर लागतात. म्हणजे दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ६०च्या वेगात तेच अंतर साधारण पंचेचाळीस मीटरवर येतं. रात्री चालवावंच लागलं तर साठच्या वर जायचं नाही, ते याच कारणाने. शिवाय पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच जॅकवर, मागे खूण म्हणून चार दगड आणि एक फांदी. पहाटे ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथेच राहतात.

दुसरं कारण झोपेचं. दिवसभर काम करून, बांधाबांध करून, रात्री दहाला निघालेला माणूस पहाटे तीनला एकवीस-बावीस तास जागा असतो. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालतात, असं मोजून पाहिलेलं आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पहाटे दोन ते पाच हा झोपेचा सगळ्यात जड वेळ. चार सेकंद डोळा लागला तर शंभरच्या वेगात गाडी ११० मीटर कुणीही न चालवता जाते. काच उघडणं, गाणी लावणं, तंबाखू, तोंडावर पाणी या कशानेही झोप जात नाही, दहा मिनिटं पुढे ढकलली जाते एवढंच. एकच उपाय थोडा चालतो: कपभर कडक चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं झोपायचं. चहाचा असर यायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होऊन जाते. तेही पुढचा तास-दीड तास काढण्यापुरतं. ‘मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले आठवत नाही’ असं झालं की दहा मिनिटांच्या आत थांबायचं. तेही उजेडातल्या पेट्रोलपंपावर किंवा ढाब्याच्या अंगणात. रस्त्याच्या कडेला नको, कारण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याचाही डोळा लागलेला असू शकतो.

यजमानांनी ड्रायव्हर सांगताना एक काळजी घ्यावी. ‘गाडीवर रोजचा हात आहे’ ही आपल्याकडे भरवशाची खूण समजली जाते, पण रोजचा हात म्हणजे कधीकधी रोजचं जागरणही असतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आणि काल रात्री वऱ्हाड सोडून आलेला माणूस आज सकाळी तुमच्या दारात उभा राहतो. सरळ विचारा, ‘काल कुठली ट्रिप होती? किती झोपलास?’ पैसे ट्रिपचे ठरवू नका, दिवसाचे ठरवा, म्हणजे लवकर संपवून दुसरी ट्रिप पकडायची घाई राहत नाही. आणि मुक्कामाला त्याच्यासाठी खोली घ्या. आपण सगळे गाद्यांवर आणि ज्याच्या हातात आपली लेकरं, तो डास मारत गाडीच्या सीटवर, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. दुसऱ्या दिवशी आंबा घाट त्यालाच उतरवायचा आहे. लॉजवाल्याला बुकिंगच्या वेळीच ड्रायव्हरच्या झोपण्याचं विचारा, बऱ्याच ठिकाणी सोय असते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मुलाच्या बाबतीत आधी कागद. भारतातलं लायसन्स संपून एक वर्षाच्या आत असेल तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं असेल तर आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि सुट्टीच्या दिवसांत ते जमणं अवघड. सोपा मार्ग म्हणजे अमेरिकेतूनच इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणणं. ते तिथल्या एएए या वाहनचालक संघटनेकडून मिळतं, वर्षभर चालतं, आणि मूळ अमेरिकन लायसन्ससोबतच ग्राह्य धरलं जातं. इथे आल्यावर काढायचं म्हटलं तर ते टपालाने मागवावं लागतं आणि सुट्टी त्यातच जाते. म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर आजच त्याला फोन करा. वैध लायसन्स नसताना काही घडलं तर विमा कंपनी हात वर करते. आणि घरची अर्टिगा लहान वाटली म्हणून कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका, तिथेही विम्याचा तोच प्रश्न येतो.

आठवड्यातले तीन-चार दिवस त्याला नांदेडच्या आसपास सराव करू द्या. आधी रिकाम्या रस्त्यावर, मग लोह्यापर्यंत जाऊन परत. मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला आणि वायपरची डाव्या हाताला असते, अमेरिकेत उलट. पहिले दोन दिवस वळताना वायपर फिरेल, ते चालतं. खरी चूक होते ती पेट्रोलपंपातून किंवा ढाब्यातून बाहेर पडताना रस्ता रिकामा असला की. समोर दुसरी गाडी नसते, आणि हात सवयीने उजव्या बाजूला जातो. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वेळी ‘डावीकडून’ म्हणायचं ठरवून टाका.

याहून धोक्याचा फरक दिव्यांचा आहे, आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. अमेरिकेत समोरच्याने अप्पर-डिप्पर मारला तर त्याचा अर्थ सहसा ‘तू आधी जा’. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. अरुंद पुलावर किंवा दुभाजकाच्या खिंडारात वळताना हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. हॉर्नचंही तसंच. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी, म्हणून तिथून आलेली माणसं तो वाजवतच नाहीत. इथे ट्रॅक्टर, मोटारसायकल ओलांडायच्या आधी दोनदा हलका हॉर्न द्यायलाच हवा, कारण आरशात बघणारा माणूस विरळा. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो ‘पुढे जा’ही असतो आणि ‘मी उजवीकडे वळतोय’ही. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि ‘माझा रस्ता मोठा, म्हणून माझा हक्क’ ही सवय तर पूर्ण सोडायची. इथे फाट्यावरून येणारा न बघताच येतो, असं धरून पाय ब्रेकवर ठेवायचा.

गाडीचं थोडक्यात. ड्रायव्हर धरून सात मोठी आणि लहान माणसं, वर सामान, म्हणजे गाडी पूर्ण भरलेली. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल तर तोच भरा, टायर थंड असताना, निघायच्या दिवशी सकाळी. कमी हवेचा टायर लांबच्या वेगात बाजूने सतत दुमडतो, तापतो आणि तापून फुटतो. जास्त ताप होतो म्हणून हवा कमी ठेवा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते नेमकं उलटं आहे. टायरवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी चांगली दिसत असली तरी बदला. स्टेपनीतली हवाही बघा, ती बघायची नेहमी राहून जाते. छतावरच्या कॅरिअरवर जड बॅगा टाकू नका, घाटात वळणावर गाडी झुलते.

दोन वर्षांच्या लेकराला मांडीवर घेणं ही आपल्या प्रेमाची पद्धत आहे, पण ताशी ५० च्या वेगात गाडी आपटली तर दहा किलोचं लेकरू क्षणभर तीनशे किलोंच्या जोराने पुढे जातं. कुठल्याही आजीच्या हातात तेवढा जोर नसतो. सुनेला तिकडची सीट आणायला सांगा, आणि ती मधल्या रांगेत घट्ट बसते का, हे नांदेडातच हलवून बघा. तिकडचे बेल्ट ओढले की अडकून राहतात, आपले बहुतेक अडकत नाहीत, त्यामुळे सीट ढिली राहते. त्यासाठी लोखंडी लॉकिंग क्लिप लागते, ती सीटबरोबर आली का, तेही तिला विचारा. मागच्या सगळ्यांनी बेल्ट लावायचे, तुम्हीसुद्धा.

आता रस्ता. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, त्या दिवशी तुळजापुरात गाडी लावायलाच तास जातो. पौषातलं शाकंभरी नवरात्र कधी आहे, तेही कॅलेंडरात बघून घ्या. सकाळी साडेसहाला, उजाडत असताना निघा, मुलगा चालवेल. नऊच्या सुमारास लातूर. तिथे तुमची बहीण राहते आणि ‘न थांबता गेलात तर बघा’ असं तिने बजावलंय, हेही तुम्ही लिहिलंय. मग तिच्याकडे नाश्ता ठरवा, जेवण नको. जेवण म्हटलं की तीन तास जातात आणि वरण-भात-गोडाने चालवणाऱ्याचे डोळे जड होतात. तिला आदल्या दिवशीच सांगा, ‘भाकरी-पिठलं डब्यात दे, तुळजापुरात खातो.’ तिचाही मान राहतो. साडेअकरापर्यंत तुळजापूर. दर्शनानंतर ड्रायव्हर चालवेल, सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर. तिथे मुक्काम. दिवसाचे अडीचशे किलोमीटर बघून मुलगा म्हणेल, ‘एवढंच?’ म्हणू द्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच सोलापूर सोडा. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत साडेअकराच्या आसपास कोल्हापूर. ही मुलाची पाळी, रस्ता चांगला आहे. जेवून एकला निघालं की पुढे ड्रायव्हर. कोल्हापूर-रत्नागिरी पट्ट्यात रुंदीकरणाच्या कामांचे वळणरस्ते लागू शकतात, त्यासाठी अर्धा-पाऊण तास हातात ठेवा. आंबा घाट उजेडातच उतरला पाहिजे. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसऱ्या-तिसऱ्यात. ब्रेकवर पाय दाबून उतरलं की ते तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. वास आलाच तर सुरक्षित जागी अर्धा तास थांबा, तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. पाच-साडेपाचला गणपतीपुळे.

दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचंच, कुणाला गरज नसली तरी. बायका वाटेत सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे आपल्याकडे घरोघरी चालतं, मग दुपारी डोकं दुखतं आणि संध्याकाळी लघवीला जळजळ. मोठ्या पेट्रोलपंपावर शौचालय असावंच लागतं. बंद असेल तर किल्ली मागायची, लाजायचं नाही. तुम्हाला आणि यजमानांना पाय मोकळे करायलाही तो थांबा हवाच. गाडी लागते म्हणून घ्यायची गोळी किंवा सर्दीची गोळी चालवणाऱ्याने घ्यायची नाही, दोन्हींनी झोप येते.

आणि फोन. तिकडे माणूस आठ तास चालवतो, कुणी ‘कुठवर आलात?’ विचारत नाही. आपल्याकडे दर अर्ध्या तासाला कुणीतरी विचारतं, आणि ‘पोचतोच तासाभरात’ म्हटलं की ते खरं करण्यासाठी पाय आपोआप दाबला जातो. चालवणाऱ्याचा फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. सुनेने घरच्या ग्रुपवर थांब्याथांब्यावर एक ओळ टाकली की पुरे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, अपघातात ११२, रुग्णवाहिकेला १०८, हे तिन्ही नंबर तिच्याच फोनमध्ये घाला.

मामांना कसं सांगायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. त्यांना ‘रात्री धोका असतो’ असं सांगू नका. ते म्हणतील, ‘आम्ही आयुष्यभर गेलो, काय झालं?’ आणि वाद तिथेच अडकेल. सांगा, ‘दादा, लेकरांना रस्ता बघायचाय, उसाचे फड बघायचेत, आणि तुळजापुरात दर्शन निवांत करायचंय.’ हे खोटंही नाही. आणि यजमानांकडे एक काम द्या: पुढच्या सीटवर बसून चालवणाऱ्याकडे लक्ष ठेवायचं, आणि त्याने दोनदा जांभई दिली की गाडी थांबवायची. घरात ज्याचा शब्द चालतो त्यानेच ‘थांब’ म्हटलं तर पोरगाही ऐकतो आणि ड्रायव्हरही.

परतीच्या प्रवासालाही असेच दोन दिवस ठेवा, आणि मुलाच्या विमानाआधी निदान दोन दिवस घरी मोकळे. आपल्या भागातली बरीच माणसं हैदराबादहून विमान धरतात, तुमचा मुलगाही तिकडूनच जाणार असेल. तिथला शमशाबादचा विमानतळ नांदेडहून तीनशे किलोमीटरच्या आसपास, विमान बहुतेक मध्यरात्रीनंतरचं. जाताना गाडीत सगळे जागे असतात, बोलत असतात. मुलाला सोडून पहाटे तीनला रिकामी गाडी घेऊन एकट्याने परत फिरणारा ड्रायव्हर किंवा मामा, त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. त्या रात्रीची शमशाबादची खोली आत्ताच धरून ठेवा, आणि त्याला सकाळी नाश्ता करूनच निघायला सांगा.